झाडाला संख्या नको, भुई हवी



कामगार चळवळीतला मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला की तो संप, बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही आज विषय घेतला आहे तो नव्या इमारतींच्या आवारात लावावयाच्या झाडांचा. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तेथे आम्ही एकच विद्या नीट शिकलो, ती म्हणजे करार वाचण्याची. करारात काय लिहिले आहे हे तर पाहावेच, परंतु काय लिहावयाचे राहून गेले आहे हे आधी पाहावे, असे आमच्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी आम्हांला शिकवले. नवी इमारत उभी करताना झाडे लावण्याची जी अट घातली जाते, तो बांधणारा आणि शहर यांच्यामधला करारच होय. तो करार आज आपण मिळून वाचू.

महाराष्ट्रातील नागरी भागांतल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ सालचा स्वतंत्र कायदा आहे. त्या कायद्याने वृक्ष प्राधिकरण निर्माण केले, परवानगीवाचून झाड तोडण्यास बंदी केली आणि दर ५ वर्षांनी झाडांची गणना करण्याचे काम प्राधिकरणाकडे सोपवले. झाड तोडण्याचा अर्ज आला तर वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी, त्या झाडावरही ती लावावी आणि नागरिकांच्या हरकती ऐकाव्यात, असेही त्यात आहे. २०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानण्यात आले. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी रोपे लावावीत, ती निदान ६ ते ८ फूट उंचीची असावीत आणि ७ वर्षे त्यांची निगा राखावी, असे ठरले. कागद म्हणून हा उत्तम कागद आहे, यात शंका नाही.

ज्या प्रकल्पाचे बांधकाम २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक, त्याला पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागते. तिच्या नेहमीच्या अटींत दर ८० चौरस मीटर जमिनीमागे निदान १ झाड लावावे व जगवावे, अशी अट असते. देशी जातींची, दाट पानांची आणि मोठ्या पसाऱ्याची झाडे निवडावीत, असे त्यात सांगितलेले असते. बांधकामाच्या जागेवरची वरची २० सेंटिमीटर माती काढून जपून ठेवावी व पुढे झाडांसाठी वापरावी, हेही सांगितलेले असते. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला ही मातीची अट वाचून बरे वाटेल. वरची माती हीच जमिनीची कमाई असते.

आता लिहावयाचे काय राहिले, ते पाहू. समजा, ८,००० चौरस मीटरचा भूखंड आहे. ८० ला १ या हिशेबाने तेथे १०० झाडे हवीत. मुंबईखेरीज राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे एवढ्या भूखंडावर शेकडा १० खुली जागा सोडावी लागते, म्हणजे ८०० चौरस मीटर. उरलेल्या भूखंडाखाली तळघरातला वाहनतळ सीमेजवळपर्यंत जातो. कडेच्या पट्ट्यातून अग्निशामक बंबाला वाट द्यावी लागते आणि ती फरसबंद होते. मग १०० झाडांच्या वाट्याला अस्सल जमीन उरली ती ८०० चौरस मीटर. दर झाडाला ८ चौरस मीटर! याच नियमावलीत एक मोटार उभी करण्यासाठी अडीच मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरलेली आहे. मोटारीला नियमात जागा आहे. झाडाला नियमात केवळ संख्या आहे. सारा घोटाळा येथे आहे.

कोणी म्हणेल, स्लॅबवर माती टाकून झाडे लावता येतात. जरूर लावावीत. परंतु ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टन भरते. मीटरभर मातीचा थर द्यावयाचा तर स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरवर तेवढा भार येतो, त्यासाठी लोखंड वाढते, सिमेंट वाढते. म्हणून थर पातळ राहतो. पातळ थरात तगर फुलेल, जास्वंद फुलेल. वड, कडुलिंब, करंज हे वृक्ष तेथे आपल्या पूर्ण आकाराला पोहोचणार नाहीत. मग संख्या भरण्यासाठी पामची रांग लागते. पाम दिसावयास देखणा, पण वैशाखाच्या दुपारी त्याच्या सावलीत दोन माणसे बसू शकत नाहीत.

जमीन अशी हातची कशी जाते, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यानंतर अनेक गिरण्यांची चाके पुन्हा नीट फिरली नाहीत आणि प्रश्न उरला तो जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत त्या जमिनीचा ढोबळ मानाने एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक हिस्सा सार्वजनिक घरबांधणीसाठी व एक हिस्सा मालकासाठी, अशी वाटणी होती. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातील आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ साली नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती दुरुस्ती कायम केली. शब्द थोडे बदलले, पण त्यांबरोबर कितीतरी एकर मोकळी जमीन शहराच्या वाट्यातून गेली.

पुढची गोष्टही गिरणगावाच्या शेजारचीच आहे. दादरच्या जुन्या कोहिनूर गिरणीच्या जागेवरील प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, नियमाने सोडावयाची किमान खुली जागा जमिनीवरच असली पाहिजे. पोडियमवर जे काही कराल ते त्याहून अधिक म्हणून करा. न्यायालयाने आवारातल्या मुलांना भुई मिळवून दिली. परंतु २०१८ साली मुंबईची नवी नियमावली आली. तिच्यात आवश्यक खुल्या जागेपैकी शेकडा ६० जमिनीच्या पातळीवर, तिच्यातली निम्मी ‘मदर अर्थ’वर, म्हणजे खाली स्लॅब नसलेल्या खऱ्या भुईवर, आणि उरलेली शेकडा ४० पोडियमवर चालेल, असे आले. हिशेब करा. शंभरातली तीस तेवढी भुई राहिली.

आता निगेचे कलम. गिरण्यांत बदली कामगार नावाचा वर्ग असे. तो रोज दारात हजर राही, कायम कामगार गैरहजर असला तरच त्याला काम मिळे. पुष्कळ नव्या आवारांत झाडेही अशीच बदली म्हणून भरती होतात. भोगवटा प्रमाणपत्रासाठी पाहणी व्हावयाची असते, तिच्या आधी ट्रकमधून रोपे येतात, खड्ड्यांत बसतात, मोजली जातात. प्रमाणपत्र मिळाले की त्यांची हजेरी कोणी घेत नाही.

आम्ही कंत्राटी माळ्यांत काम केले आहे. एका मोठ्या वसाहतीत बांधणाऱ्याने माळीकामाचे कंत्राट फेब्रुवारीअखेर संपवले आणि आवार रहिवाशांच्या स्वाधीन केले. रहिवाशांची संस्था अजून नोंदली जावयाची होती. पाणी कोणी द्यावयाचे, याचा निर्णय होईपर्यंत मे महिना उजाडला. ज्या माळ्यांनी ती रोपे लावली, त्यांनाच पुढे वाळलेल्या काड्या उपटावयास रोजंदारीवर बोलावण्यात आले. त्यांच्यातला एक वृद्ध माळी आम्हांस म्हणाला, ‘‘साहेब, आमचं कंत्राट अकरा महिन्यांचं आणि झाडाचं त्याहून कमी.’’ कायद्यात ७ वर्षांची निगा लिहिली, पण त्या ७ वर्षांचा पगार कोणाच्या खात्यातून निघेल हे करारात स्पष्ट नसेल, तर निगा होणार कशी? पाणी कायदा घालीत नाही, माणूस घालतो.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो न्याय्य आहे. झाडांना इतकी जागा दिली तर घरे महाग होतील, आणि ज्यांच्यासाठी आम्ही लढतो त्या कामकऱ्यांनाच घर मिळणार नाही. गिरणी कामगारांतले कितीतरी लोक अद्याप घराची वाट पाहत आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. झाड आणि घर यांत निवड करा, असे कोणी म्हटले तर आम्ही घर निवडू. परंतु प्रश्न असा नाहीच. तळघर भूखंडाच्या एका कडेने ३ मीटर मागे घेतले तर एकही खोली कमी होत नाही; काही मोटारींच्या जागा तेवढ्या कमी होतात. शिवाय सावलीची गरज कोणाला अधिक आहे, याचाही विचार करावा. वातानुकूलित खोलीतल्या माणसाला झाड ही शोभा आहे. दारातल्या रखवालदाराला, भाजीवालीला, पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला आणि त्याच इमारतीच्या पायावर खपणाऱ्या मजुराला झाड हेच दुपारचे छप्पर आहे.

तेव्हा आमचे मागणीपत्र थोडक्यात असे आहे. पहिले, मंजूर नकाशात झाडांच्या संख्येबरोबर प्रत्येक झाडाची भुई चौरस मीटरमध्ये दाखवावी, आणि तिच्याखाली स्लॅब नसावा. दुसरे, बांधणाऱ्याची काही अनामत रक्कम निगेची वर्षे पुरी होईपर्यंत पालिकेकडे राहावी, व वर्षावर्षाने जगलेली झाडे मोजून ती परत मिळावी. तिसरे, त्या अनामतीतून माळ्याचा पगार भागवता यावा, म्हणजे आवाराचे हस्तांतर होताना त्याचे काम सुटणार नाही. चौथे, झाडांचा हजेरीपट आवाराच्या दाराशी लावावा: जात, लावल्याची तारीख, जिवंत की मृत.

हे सारे शासनाने करावे असे म्हणून आपणांस घरी जाता येणार नाही. आपल्यापैकी जे नव्या इमारतीत राहावयास जाणार असतील, त्यांनी किल्ली घेताना नळ आणि खिडक्या तपासाव्यात, तशी मंजूर नकाशावरची झाडेही मोजावीत. गृहनिर्माण संस्थेच्या पहिल्या सभेत माळ्याच्या पगाराचा ठराव मांडावा. रस्त्याने जाताना एखाद्या जुन्या झाडावर पालिकेची सूचना दिसली तर ती वाचावी, मुदत पाहावी आणि हरकतीचा अर्ज लिहून पोच घ्यावी. अर्ज लिहिण्यास अडचण वाटत असेल त्यांनी आमच्या कचेरीत यावे. सायंकाळी सहानंतर तेथे दिवा लागलेला असतो.