उंची वाढली, पण चाल?



ठाण्यातल्या खोपटच्या स्टँडवर एसटीत चढताना पहिली पायरी किती उंच असते, हे धडधाकट माणसाच्या ध्यानातही येत नाही. दांडा धरला, एक पाय टाकला, की मांडी आणि कुल्ला सगळं अंग वर उचलून घेतात. केवळ उंचीसाठी पायांचं ऑपरेशन करून घेतलेल्या तरुणाला मात्र ती पायरी कित्येक महिने चढता येत नाही. आज बोलायचं आहे ते या महिन्यांबद्दल.

हाड लांबवण्याची पद्धत मुळात उंचीसाठी निघालेलीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव या डॉक्टरांकडे न जुळलेल्या हाडांचे जखमी यायचे. पायाभोवती धातूच्या कड्या आणि हाडातून आरपार तारा लावून ते हाड धरून ठेवत. दोन टोकं हळूहळू दूर नेली, तर मधल्या फटीत नवं हाड धरतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८० साली कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा वर्षानुवर्षं न जुळलेला पाय तिथे बरा झाला आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांचे डोळे विस्फारले. आपल्याकडे अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी याच पद्धतीवर केंद्र उभारलं. वाकडे, आखूड, न जुळलेले पाय हेच या विद्येचं खरं काम. सरळ, निरोगी पायाचं हाड कापून चार-पाच सेंटिमीटर उंची मिळवणं मला फारसं पटत नाही. पण ज्याने ते करून घेतलं आहे, त्याला नावं ठेवून त्याचा गुडघा वाकणार नाही. त्याला व्यायाम लागतो.

हाड साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढवतात, तेही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. पाच सेंटिमीटरला पन्नास दिवस. मग ते कोवळं हाड पक्कं व्हायला आणखी कितीतरी महिने. हा हिशेब सगळे सांगतात. स्नायूंचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. हाडाला आपण ओढतो, स्नायू मात्र आपल्या गतीने लांबतो आणि ती गती कमी असते. त्यामुळे नडगी वाढवली की पोटरी ताठते, टाच जमिनीला टेकत नाही, माणूस चवड्यांवर चालू लागतो. मांडीचं हाड वाढवलं की गुडघा वाकत नाही, जांघेपुढचे स्नायू आखडतात. मग कंबरेत खोली पडते, पोट पुढे येतं, कुल्ले मागे जातात. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू दुबळा असला, तर प्रत्येक पावलाला अंग डावी-उजवीकडे झुलतं. घरचे म्हणतात, अरे, बदकासारखा काय चालतोस? मुलगा ओशाळतो आणि कमी चालतो. इथेच घोटाळा होतो, कारण कमी चाललं की स्नायू आणखी वाळतात.

नुसतं 'ताठ उभा राहा' म्हणून काही होत नाही. आधी आखडलेलं सैल करायचं, मग दुबळं झालेलं बळकट करायचं. दिवसातून दोन-तीनदा पालथं पडून राहा, म्हणजे जांघ सुटते. पावलाला टॉवेल अडकवून तो स्वतःकडे ओढा, पोटरी सुटेल. दिवसभर खुर्चीत किंवा व्हीलचेअरमध्ये बसून मोबाइल बघणाऱ्याची जांघ मुळीच सुटत नाही, हे मी बजावून सांगतो. मग उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पुढे स्थिर सायकल. हे दिसायला बायकामुलांचे व्यायाम वाटतात, म्हणून तरुण मुलं टाळतात आणि थेट जिममध्ये वजनं उचलायला बघतात. एक्स-रेमध्ये हाड भरलेलं दिसून सर्जन परवानगी देईपर्यंत ते करू नका. कोवळ्या हाडावर भार पडला तर हाडात आतून बसवलेला धातूचा रॉडसुद्धा वाकतो, प्रसंगी तुटतो. जखमा पूर्ण सुकल्यावर छातीइतक्या पाण्यात चालणं फार उपयोगी. पायावर निम्म्याहून कमी वजन येतं आणि चाल सुधारता येते. कुबड्या सुटल्यावर सपाट जागा शोधा. ठाण्यात कचराळी तलावाभोवतीचा चालण्याचा मार्ग त्यासाठी बरा. खोदलेल्या फुटपाथवर धाडस नको. पावलात सतत मुंग्या येत असतील किंवा पाऊल वर उचलत नसेल, तर मात्र व्यायाम वाढवायचा नाही, त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं. ती नस ताणली गेल्याची खूण असू शकते. आणि हो, सिगारेट बंद. तिने हाड भरायला उशीर होतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं कधीमधी विचारतात. पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंची लागते, दोन-तीन कमी पडतात, मग हे ऑपरेशन केलं तर? मी त्यांना एवढंच सांगतो, की उंची मोजून झाली तरी पुढे १६०० मीटर धावायचं असतं. लांबवलेल्या पायाने तेवढं वेळेत पळण्याइतकं बळ यायला वर्षही पुरेल असं नाही, आणि काहींना पूर्वीचा वेग पुन्हा येतच नाही.

तेव्हा ज्यांनी तारीख ठरवली आहे, त्यांना माझी विनंती आहे. ऑपरेशनच्या खर्चाबरोबर वर्षभराच्या फिजिओथेरपीचा खर्च आणि रजा आधी मोजा. ऑपरेशनच्या आधीच फिजिओथेरपिस्टकडे जा, मांडी-पोटरी लवचिक करून घ्या. आणि 'तीन महिन्यांत चालू लागाल' असं कोणी म्हणालं, तर चालणं म्हणजे कुबड्या घेऊन की कुबड्यांशिवाय, हे त्यांना स्पष्ट विचारा.