गुलाबाला पावसाळा सोसवताना



श्रीवर्धन, मुरूड, चौल, नागाव, आपल्या किनाऱ्यावर कुठेही जा, थंडीत फुललेल्या गुलाबाच्या श्रावणात नुसत्या काड्या उरतात. दोष किडीला दिला जातो, पण खरा वैरी पानावर साचून राहणारा ओलावा आहे. पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते आणि जुलैत आपल्याकडे पान वाळतंच कुठे? ठिपक्याभोवती पान पिवळं पडतं आणि गळतं. म्हणून कुंडी पागोळीखाली कधीही ठेवू नका. गळलेली पानं रोज वेचा, ती खतात टाकू नका.

औषध तर आपल्या वाडीतच आहे. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर आपण बोर्डो मिश्रण फवारतो. फ्रान्समध्ये 1885च्या सुमारास द्राक्षांसाठी निघालेलं हे औषध गुलाबालाही चालतं. 10 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडी नकोत. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता, ढवळा आणि गाळा. मग घासून लख्ख केलेली सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला, तर मोरचूद जास्त झालंय. चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा बघा. पातं स्वच्छ निघेपर्यंत फवारू नका, नाहीतर पानं करपतील. कोवळी पालवी असेल तर पाणी दुप्पट करा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. ही सुरीची परीक्षा टाळू नका, एवढं कळकळीनं सांगतो.

किडींचं थोडक्यात. कळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या तर फुलकिडे. कोवळ्या शेंड्यावर हिरवी दाटी दिसली तर मावा. दोन्हींवर संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाल कोळी येतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, हलणारे ठिपके दिसतील. त्याला सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा पुरे.

पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी करा. काळी पडलेली फांदी हिरवा, निरोगी भाग लागेपर्यंत कापा, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप द्या आणि त्याच दिवशी कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचंच घट्ट मिश्रण, लावा. उघडा काप राहिला की फांदी वरून खाली मरत जाते.