चामखीळ आणि तिचा उपचार



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ज्या व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्या व्यासपीठावरून चामखिळीवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच! पण जिला कोणी व्याधी म्हणत नाही, तिच्यावरच घरोघरी नाना प्रयोग चालतात, आणि त्यांत पुष्कळदा मुलांची कोवळी बोटे भाजतात. म्हणून हा प्रपंच.

चामखीळ होते कशाने? १९०७ साली इटलीतील चुफो नावाच्या डॉक्टरांनी चामखिळीचा अर्क जंतूंनाही अडवणाऱ्या गाळणीतून गाळून टोचला. तरीही चामखीळ उठलीच. म्हणजे कारण जंतूंहूनही सूक्ष्म, विषाणूचे. हा विषाणू बारीकशा खरचटीतून शिरतो आणि वरच्या कातडीच्या तळाशी ठाण मांडतो. तेथील पेशी भराभर वाढून कातडी जाड होते. चामखीळ खरवडली की काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळे म्हणतात. पण ती मुळे नव्हेत, रक्त गोठलेल्या केशवाहिन्या होत. चामखिळीला मूळ नसतेच; तेव्हा ती मुळासकट उपटण्याची कल्पनाच मुळात चुकीची.

आता आपले घरगुती उपाय. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावतात. या दोहोंच्या संयोगातून दाहक कॉस्टिक सोडा तयार होतो. तो चामखीळ जाळतो हे खरे. पण शेजारची निरोगी कातडी कोणती, हे त्याला कसे कळावे? दुसरा उपाय बिब्ब्याचा. परटाने कपड्यावर घातलेली बिब्ब्याची खूण धुऊन जात नाही, तसाच कातडीवरचा त्याचा डागही. शिवाय बिब्बा उतला की अंगभर पुरळ आणि खाज! चांगल्या कामात 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगीच रूढ झालेला नाही.

मग कोणी म्हणेल, "आमच्या मुलाची चामखीळ तर नुसत्या मंतरलेल्या दोऱ्याने गेली!" गेली असेल. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुलांच्या सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप गेल्याचे आढळले. शरीराला शत्रूची ओळख पटली की ते स्वतःच त्याचा समाचार घेते. श्रेय मात्र शेवटी बांधलेल्या दोऱ्याला मिळते!

वाट पाहायची नसेल, तर साधे औषध आहे: सॅलिसिलिक आम्ल. त्याचा सुमारे १७ टक्के प्रमाणाचा लेप औषधाच्या दुकानात मिळतो. हे आम्ल विषाणूला मारीत नाही. जाड कातडीचे थर सैल करून उतरवते, आणि त्या चेतवणीने शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होत असावी. रीत अशी: रात्री ती जागा पाच मिनिटे कोमट पाण्यात बुडवावी, मऊ झालेला थर वज्रीने हलकेच घासावा, भोवती व्हॅसलीन लावावे, आणि औषध फक्त चामखिळीवर घालून वाळू द्यावे. ती वज्री दुसऱ्या कोणी वापरू नये. कोलोडियनमधला लेप पेट घेतो, म्हणून शेगडीपासून दूर. जागा हुळहुळी झाली तर चार दिवस थांबावे. असे बारा आठवडे! येथेच घोडे अडते. आठ दिवसांत औषध टाकून देतो आणि म्हणतो, 'गुण आला नाही.' हे औषध सर्वांना लागू पडते असे नाही. पण नेमाने लावल्यास गुण येण्याचा संभव निश्चित वाढतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. चेहऱ्यावर वा गुह्यांगावर हा लेप लावू नये. मधुमेह्याने पायाला आम्ल लावू नये. बधिर पायावर झालेली जखम कळत नाही आणि चिघळते. वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ चामखीळ समजून जाळू नये. तो कर्करोगही असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावा.

अखेरीस, या विषाणूंच्या कुळात दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातावर चामखीळ आणणारे निराळे, आणि स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग देणारे निराळे. तेव्हा हातावरच्या चामखिळीने घाबरू नये. पण त्या घातक भाऊबंदांविरुद्धची लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली असून, तिला २०२२ साली मान्यता मिळाली. ती चामखिळीचे औषध नव्हे. पण आपल्या मुलींसाठी तिची चौकशी डॉक्टरांकडे जरूर करा.

क्षुद्र व्याधीला क्षुद्रच राहू द्यावे. घाईने तिची जखम करू नये, एवढेच माझे सांगणे.