वणवा विझल्यानंतर



वणवा विझला की आम्हा माहिती खात्यातील मंडळींचे काम बहुधा संपते. मृत इतके, घरे इतकी, वाटलेली मदत इतकी, असे प्रसिद्धिपत्रक निघते. वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले, यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात हा रकाना भरण्याचा प्रयत्न झाला. त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नमध्ये पारा ४६.४ अंश सेल्सिअसवर गेला होता. त्या राज्यात भडकलेल्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. मेरीसव्हिल हे गाव तर जवळजवळ बेचिराख झाले. पुढे मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी वाचलेल्यांची दहा वर्षांपर्यंत वेळोवेळी विचारपूस केली.

बहुसंख्य लोक सावरले, हे प्रथम सांगितले पाहिजे. परंतु तीन-चार वर्षांनंतरही सर्वाधिक होरपळलेल्या वस्त्यांतील १५.६ टक्के लोकांत वणव्याच्या आघातातून उद्भवलेल्या मनोविकाराची लक्षणे आढळली. नको असताना तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, सतत दचकत राहणे, ही ती लक्षणे. फारशी झळ न लागलेल्या वस्त्यांत हेच प्रमाण १ टक्का होते.

आगीची धग घरातही शिरली. त्या होरपळलेल्या वस्त्यांतील ७.४ टक्के स्त्रियांनी हिंसा सोसल्याचे सांगितले. इतरत्र, जेथे झळ कमी, तेथे १ टक्का. घटलेल्या उत्पन्नाशी याचा संबंध दिसून आला. शाळकरी मुले वाचनात व गणितात मागे पडली, आणि हे वर्षे लोटल्यावर लक्षात आले. मदतीच्या यादीतून अशी मुले सहज निसटतात.

मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट शेजाराची वाटते. ज्यांचे स्नेहीसोबती गाव सोडून गेले, त्यांच्यात खिन्नता अधिक आढळली. नवे घर बांधून मिळाले की आपल्या लेखी मनुष्याचे पुनर्वसन झाले. पण ओट्यावर बोलावयास कोणी उरले नाही, याची नोंद कोण घेणार? याउलट, गावच्या एखाददुसऱ्या मंडळाचे सभासद असलेल्यांची मनःस्थिती बरी होती. मात्र फार मंडळांत गुंतलेल्यांना तो लाभ तितकासा मिळाला नाही. समित्या नेमण्याचा सोस असलेल्या आम्हा सरकारी मंडळींनी हे टिपून ठेवावे!

तेथील शासनाने वणवाग्रस्त कुटुंबांना स्वतंत्र साहाय्यक देऊ केला. अर्ज कोठे करावा, मदत कोणाकडे मागावी, हे दहा खिडक्यांवर विचारण्याऐवजी कुटुंबाने त्या एकाच ओळखीच्या माणसाला विचारावे, अशी ती योजना होती.