जेवणाआधीचा हात

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जण मनात म्हणतील, "हात धुवायला शिकवायचे तर त्यासाठी रेडिओवर माणूस कशाला बसवायला हवा? हात काय आम्ही धूत नाही?" धुतो ना! पण एक गोष्ट तुम्ही आजच आपल्या घरी नीट पाहा. जेवण झाल्यावर माणूस मोरीवर जातो, हात खसखसून चोळतो, चूळ भरतो, पंचाला हात पुसतो. आणि जेवणाआधी? ताटापाशी बसल्या बसल्या तांब्यातले चार थेंब बोटांवर घेतो, की झाले हात धुऊन. कित्येकदा तेही नाही.

हे असे उलटे का होते? जेवल्यावर हाताला खरकटे दिसते, चिकट लागते, वासही येतो. जेवणाआधीच्या हाताला काहीच दिसत नाही. पण जेवणानंतरचा हात नाही धुतला तर फार तर सदरा मळेल; जेवणाआधीचा नाही धुतला तर लेकरू आजारी पडेल. दिसणाऱ्या घाणीचा आपल्याला भारी तिटकारा, आणि न दिसणारीवर भारी विश्वास! आजचे माझे सांगणे एवढेच आहे.

न दिसणारी घाण काय करते, याची एक जुनी हकीकत आहे. व्हिएन्ना शहरातील मोठ्या इस्पितळात सेमेलवाइस नावाचा एक डॉक्टर होता. तेथे बाळंतिणींचे दोन विभाग असत. एकात सुइणी काम करीत, दुसऱ्यात डॉक्टर आणि विद्यार्थी. आता शिकलेल्यांच्या विभागात बाळंतिणी अधिक सुखरूप असाव्यात की नाही? पण होत होते उलटेच. डॉक्टरांच्या विभागात तापाने कितीतरी अधिक बाया दगावत. सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, ही मंडळी प्रेते चिरून अभ्यास करतात आणि तेथूनच बाळंतिणीकडे येतात. हात धुतलेले असत, दिसायला स्वच्छ असत. पण त्यांना प्रेताचा वास तसाच राही. १८४७ च्या मे महिन्यात त्याने नियम केला, की क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याखेरीज कोणी बाळंतिणीला हात लावायचा नाही. त्या एप्रिलात शंभरांतल्या अठरा बाया दगावल्या होत्या. जूनमध्ये हा आकडा दोनाच्या आसपास आला. रोगजंतूंचे शास्त्र तेव्हा अजून उभे राहिले नव्हते. तरी हात बोलून गेले! त्याच्या हयातीत मात्र त्याचे म्हणणे फार थोड्यांनी मानले. आपल्याच हातांनी आपण रोग देतो, हे मानणे कोणालाही जड जाते. तुम्हाआम्हालाही जाते.

आता साबण काय करतो ते पाहू. साबणाचा कण दुतोंडी असतो. त्याचे एक टोक तेलकटाला धरते, दुसरे पाण्याला. हाताच्या तेलकटपणात रुतून बसलेले जंतू त्यामुळे सुटे होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. कित्येक विषाणूंचे कवच स्निग्ध असते, ते तर साबणाने फुटतेच. मात्र यासाठी चोळायला हवे. निदान वीस सेकंद. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, आणि नखांच्या कडा. पाणी गरम असलेच पाहिजे असे नाही, साबणही महागाचा नको. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असे दिसले की, साबणाने हात धुण्याची सवय लावली म्हणजे अतिसाराचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. एवढे स्वस्त औषध दुसरे कोणते आहे?

पण कोणी आपली धाराशिवची बाई इथे मला थांबवील आणि विचारील, "अहो, बोलणं सोपं हाय. पाणी कुठंय?" प्रश्न खरा आहे. आपला जिल्हा अवर्षणाचा. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आता अनेक गावांत घरोघर नळ आले, पण नळाला रोज पाणी येतेच असे नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे काही सुटलेले नाही. जिने दोन घागरी डोक्यावर वाहून आणल्या, तिला "भरपूर पाण्याने हात धुवा" असे सांगायला मला तरी लाज वाटेल.

म्हणून सांगतो, हात स्वच्छ होतो तो चोळण्याने. पाणी त्यात थोडेच लागते. आधी हात नुसते ओले करा. मग पाणी बंद करून साबण चोळा. शेवटी बारीक धारेने खळबळा. या रीतीने एका तांब्यात दोघातिघांचे हात सहज निघतात. याहून सोपी युक्ती म्हणजे प्लास्टिकच्या रिकाम्या कॅनला वरच्या अंगाला बारीक भोक पाडून तो परसात दोरीने टांगावा, आणि त्याच्या तोंडाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीवरच्या काठीला अडकवावे. पायाने काठी दाबली की कॅन वाकतो आणि करंगळीएवढी धार पडते. मळक्या हाताने तांब्या धरायला नको, की नळाची तोटी फिरवायला नको. शेजारी साबणाची वडी टांगून ठेवावी. खाली सांडणारे पाणी अळूला नाही तर केळीला जाऊ द्यावे. शाळेतल्या मुलांना हे करायला सांगा, एका दुपारी करून दाखवतील.

आता सॅनिटायझरकडे वळू. २०२० सालापूर्वी हा शब्द आपल्याकडे इस्पितळाबाहेर फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. करोनाची साथ आली आणि बाटलीला एवढी मागणी झाली की, सरकारने तिला काही काळ अत्यावश्यक वस्तूंत घातले आणि दोनशे मिलिलिटरला शंभर रुपयांहून अधिक घेऊ नये असे ठरवून दिले. त्या वेळी कामाला आली ती आपल्या उसाची मळी! साखर झाल्यावर जी मळी उरते, तिच्यापासून अल्कोहोल काढतात; राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांनी त्याच अल्कोहोलचे सॅनिटायझर करून दिले.

सॅनिटायझर चांगले आहे, पण ते साबणाचे धाकटे भावंड आहे. त्यात निदान साठ टक्के अल्कोहोल असावे. तळहातावर पुरेसे घ्यावे आणि हात आपोआप वाळेपर्यंत चोळावे. पुसून टाकू नये. त्याची जागा कोठे? जेथे हात वरवर स्वच्छ आहेत पण पाणी-साबण जवळ नाही, तेथे. एस.टी.च्या प्रवासात, बाजारात, दवाखान्यात, नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत प्रसाद तोंडात टाकण्याआधी. पण जनावरांचे शेण काढले आहे, रानातून माती घेऊन आला आहात, हात पिठाने किंवा तेलाने माखले आहेत, अशा हातावर बाटली ओतणे म्हणजे चिखलावर अत्तर शिंपडणे. शिवाय जंतांची अंडी आणि जुलाबाचे काही विषाणू अल्कोहोलला भीत नाहीत. संडासहून आल्यावर साबणच हवा.

आणखी एक इशारा. अल्कोहोल पेट घेते. हात पुरते वाळल्याशिवाय चुलीपाशी, गॅसपाशी, देवापुढच्या निरांजनापाशी जाऊ नका. बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नका आणि तिच्यावरची चिठ्ठी काढू नका. यवतमाळ जिल्ह्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या डोसाऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. सुदैवाने ती बचावली. त्याच जिल्ह्यात वणी येथे त्या एप्रिलात दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यालेले सात जण मात्र दगावले. हे बाहेरून लावायचे द्रव्य आहे, पोटात गेले की विष आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. आपल्याकडे भाकरी हाताने थापतात. पण भाकरीची मला फारशी काळजी नाही, कारण ती तव्यावर आणि मग आरावर भाजून निघते. काळजी आहे ती पुन्हा आचेवर न जाणाऱ्या अन्नाची. चिरलेला कांदा, ठेचा, दही, कोशिंबीर, आणि लेकराला कालवून भरवलेला वरणभात. भूम भागातल्या खव्याचेच पाहा. भट्टीवर दूध तासन्‌तास आटते, त्यात जंतू टिकत नाहीत. पण खवा उतरल्यावर ज्या हाताने तो मळतात आणि पेढा वळतात, त्या हाताला वाचवायला मागे भट्टी नसते. जे आगीने मारले ते हाताने परत दिले, असे होता कामा नये.

घरातले सर्वांत मळके काय असेल? अनेक घरी ते ओट्यावरचे फडकेच असते. त्यानेच ओटा पुसायचा, त्यानेच परात, त्यानेच तापले भांडे उतरवायचे, आणि पदर लांब पडला की हातही त्यालाच. ओलसर फडक्यात जंतूंची पैदास भराभर होते. हाताला एक, ओट्याला एक, अशी दोन फडकी करा. रोज साबणाने धुऊन कडक उन्हात टाका. आपल्याकडे पाण्याची टंचाई असेल, उन्हाची नाही! घासणी, पोळपाट, काटवट यांनाही ऊन दाखवा.

मटण किंवा कोंबडी चिरलेल्या विळीवर तशीच कोथिंबीर चिरू नका. आधी विळी साबणाने धुवा. कोंबडी नळाखाली धुतल्याने ती शुद्ध होत नाही, उलट शिंतोडे ओटाभर उडतात. शुद्ध होते ती शिजल्यानेच. ओटा प्रथम साबणाच्या पाण्याने पुसा. घरात जुलाबाचा आजारी असेल तर वर ब्लीचचे पाणी बाटलीवर दिलेल्या मापानेच करून फिरवा. पण ते संडास धुण्याच्या ॲसिडात कधी मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आणि माठात पेला बुडवू नका. पाणी भरताना घेतलेली सारी खबरदारी चार बोटे बुडाली की संपली. लांब दांड्याचे ओगराळे ठेवा.

श्रोतेहो, यादी लांबली. सगळे एका दिवसात होणार नाही, आणि घरातल्या बाईने एकटीनेच करावे असेही नाही. पाणी तिने आणायचे, भाकरी तिने थापायची, आणि लेकरू आजारी पडले म्हणजे बोलही तिलाच, हा न्याय नव्हे. म्हणून आज रात्री घरच्या कर्त्या पुरुषानेच पाट मांडण्याआधी उठावे, एक तांब्या पाणी आणि साबण घ्यावा, आणि आधी लेकरांचे, मग स्वतःचे हात धुवावेत. ताट त्यानंतर वाढू द्या. बाप करतो ते लेकरू न सांगता उचलते. जेवल्यानंतरचा हात आपण पिढ्यान्‌पिढ्या धूत आलो आहोत. तेवढाच मान जेवणाआधीच्या हाताला द्या.