संगणकात आपलं वावर दिसतं का?
(जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील वनहक्क समित्यांच्या बैठकीत मांडलेल्या मुद्द्यांचा हा मजकूर. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही, त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवावा.)



संगणक आला की गावाचा विकास होतो, असं आपल्याला बरेच दिवस सांगितलं जातंय. ग्रामपंचायतीत संगणक आला, दाखले त्यातून निघू लागले, सात-बाराही निघतो. ज्याच्या नावानं सात-बारा आहे, त्याचं काम त्यानं सोपं झालं. पण जे वावर बाप-आजापासून आपण वाहतो आणि कागदावर मात्र जंगल आहे, त्याचं काय? संगणकात जे घातलं तेच बाहेर येतं. आपण त्यात नाही, तर बटण कितीही दाबा, आपण निघणार नाही. म्हणून आमच्या मते पहिला सवाल संगणक आला का, हा नाही. त्यात कोणी काय घातलं, हा आहे.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ चे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंबाच्या ताब्यात असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरच्या आत, हक्क मिळतो. नवराबायको असतील तर तो दोघांच्या नावानं. बुलढाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून हा कायदा तुम्हाला लागू नाही, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. ग्रामसभाही मोठ्या ग्रामपंचायतीचीच पाहिजे असं नाही, पाड्याची भरते.

आता उपग्रहाच्या फोटोचं. दावा तपासताना कधी कधी म्हणतात, "फोटोत तर इथं झाडी दिसते." काऊन दिसते, ते समजून घ्या. देशाच्या वनाच्छादनाचे नकाशे ज्या उपग्रह-चित्रांवरून वर्षानुवर्षं केले, त्यातला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे जवळपास साडेपाच गुंठे. दोन एकरांचं वावर म्हणजे पंधराएक ठिपके. त्यात तुमचा धुरा दिसत नाही, झोपडी दिसत नाही, विहीर दिसत नाही. वरून ते नकाशे करताना एक हेक्टर किंवा जास्त जमिनीवर दहा टक्के किंवा जास्त झाडांची सावली असली की ती जागा वनाच्छादन धरतात, मालकी कोणाचीही असो. आपण तर मोहा, टेंबरू, आंबा वावरात राखतो. म्हणजे झाड राखलं म्हणून वावर जंगल ठरतं. मशीन खोटं बोलत नाही, पण त्याला आपली शेती ओळखता येत नाही.

कायद्यानंही हे मानलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीतल्या नियम १२-क मध्ये लिहिलंय की उपग्रह-चित्र आणि असलं तंत्र दुसऱ्या पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी नाही. अमुकच कागद आणा, असा हट्टही समितीला धरता येत नाही. नियम १३ मध्ये आपले पुरावे आहेत: जुन्या दंडाच्या पावत्या, घर, विहीर, बांध, पूजेच्या जागा, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब. एकाहून जास्त पुरावे जोडा. २०१३ साली गुजरातच्या उच्च न्यायालयानंही उपग्रह-चित्रावरच भिस्त ठेवून दावे निकाली काढण्याला आळा घातला.

पण साथींनो, मशीनला शिव्या देऊन आपलं भागणार नाही. त्याच गुजरातेत, नर्मदा जिल्ह्यातल्या गावांतल्या पोरांनी जी.पी.एस. हातात घेतला, एकेक वावर फिरून मोजलं, ती मोजणी उपग्रह-चित्रावर बसवली आणि जुनी शेती दाखवून दिली. ज्या चित्राच्या जोरावर दावे पडत होते, तेच चित्र गावाच्या कामी आलं. फरक एवढाच की चित्रावर रेघ गावानं ओढली.

हे किती महत्त्वाचं आहे ते २०१९ नं दाखवलं. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं नाकारलेल्या दावेदारांना काढायचा आदेश दिला. देशभर लोक उठले, २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. कोणत्या तरी यादीत आपल्या नावापुढं "नामंजूर" हा एक शब्द असला, तर त्याची किंमत घरदार असू शकते.

म्हणून प्रत्येक समितीनं एवढं करावं:

एक. मोजणीला दावेदार, शेजारचा धुरेकरी आणि समितीचे लोक हजर पाहिजेत. मशीनला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. दाट झाडीत, खोल नाल्यात आकडा सरकतो. तिथं थांबा, पुन्हा घ्या.

दोन. प्रत्येक कोपऱ्याचा आकडा तिथंच वहीत लिहा. मशीन बिघडतं, फोन हरवतो. वही गावात राहते.

तीन. नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवा. निम्मे लोक आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेतच.

चार. संगणकावर दावा भरला की छापील प्रत घ्या. नाव, गट, क्षेत्र तपासा. एका अक्षराच्या चुकीनं पुढं सहा चकरा होतात.

पाच. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कळल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडं अर्ज करता येतो. नुसतं "संगणकात दिसत नाही" हे कारण मानू नका.

प्रत्येक पाड्यावरचे दोन जण, त्यात एक पोरगी, हे काम शिकायला पाठवा. पोरं मशीन चालवतील, पण कोणता धुरा कोणाचा, कोणत्या साली कुठं पेरा होता, हे म्हाताऱ्यांनाच माहीत आहे. दोघं एकत्र बसले तर काम होईल. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. ज्यांची मोजणी राहिली, त्यांची गावनिहाय यादी तिथंच करू आणि पेरणीच्या आधी मोजणी उरकू.

जमीन आमची, नोंदही आमची!