चाळिशीतला विद्यार्थी
(उत्सवातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत सोळा वर्षे मी यंत्रांचे सुटे भाग तपासत होतो. २०२१ मध्ये आयआयटी मद्रासचा प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू झाला. वयाची अट नव्हती. नाव घातले.

आधी चार आठवडे इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र व संगणकीय विचारपद्धती, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा. मी गणितात नापास झालो. आठवडाभर घरी बोललोच नाही. शेवटी नववीतल्या लेकीने विचारले, "बाबा, निकाल लागला ना?" त्या रात्री तिच्याच पुस्तकातून बीजगणित पुन्हा सुरू केले. दुसऱ्या खेपेला पास झालो.

पुढे प्रोग्रॅमिंगचा डिप्लोमा झाला. आज मी सॉफ्टवेअर तपासतो. सुरुवातीला पगार कमी झाला. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पण चूक हुडकायची सोळा वर्षांची सवय इथेही कामी येते. जुने काम वाया जात नाही.

ज्यांच्या मनात असेल त्यांनी नोकरी सांभाळून सुरुवात करावी. आणि नापास झालात, तर घरी त्याच दिवशी सांगावे.

गणपती बाप्पा मोरया!